आत्यांकडचा खलनायक

दार त्याने उघडलं. साठीच्या पुढचा, बुटका पण ताठ माणूस. बारीक मिशी, रंगवले असावेत इतके काळे केस, अंगात केअर एजन्सीचा जांभळा ट्यूनिक. मला पाहून तो बाजूला सरला आणि म्हणाला, "या, रीडिंगच्या मॅम. तुमची ट्रेन अकरा मिनिटं लेट होती."

ट्रेन लेट आहे हे मी कोणालाच कळवलं नव्हतं. फोनवर बघितलं असेल, हे मला घरी परतताना सुचलं. त्या क्षणी मात्र मनात आलं, हा माणूस आपल्यावर लक्ष ठेवून आहे. तिथून जे सुरू झालं ते पुढे चार-पाच महिने चाललं, आणि त्यात मी काही फार शहाण्यासारखी वागले नाही.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. मिरजेला नर्सिंग शिकून तरुणपणी त्या वेल्समध्ये, कार्डिफला आल्या, इथलं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून केलं आणि निवृत्त होईपर्यंत एकाच हॉस्पिटलात राहिल्या. लग्न केलं नाही. आम्ही पुण्याहून इंग्लंडात रीडिंगला आलो तेव्हा या देशात आपलं म्हणावं असं त्यांचंच एक घर होतं. महिन्यातला एक शनिवार त्यांच्याकडे जायचं, हा नियम तेव्हापासूनचा. गेल्या हिवाळ्यात कचऱ्याचा बिन रस्त्यावर काढताना त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर आम्ही त्यांना रीडिंगला चला म्हणून विनवलं. "तुमच्याकडे बाथरूम वर आहे," एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला. मग सकाळ-दुपार घरी येऊन त्यांचं सगळं बघणारा केअरर ठरला. बाई येईल असं आम्ही धरून चाललो होतो. आला हा.

त्या पहिल्याच दिवशी चहा करता करता त्याने मला सांगितलं की तो फिलिपिन्समध्ये सिनेमात होता.

"कसल्या सिनेमात?" मी विचारलं.

"बहुतेक मारामारीच्या."

"हिरो होतात?"

तो हसला. "हिरोला मारणारा, मॅम. म्हणजे मारायला निघालेला. शेवटी मरायचो मीच. नव्वदएक सिनेमे केले, त्यातल्या ऐंशीमध्ये तरी मेलो असेन."

सिनेमांची नावं विचारली तर त्याने भराभर सांगितली, पण एकही आता बघायला मिळत नाही म्हणाला. गोदामात पुराचं पाणी शिरलं, काही रिळं दमट हवेत खराब झाली. "रिळाला व्हिनेगरचा वास यायला लागला की समजायचं, सिनेमा गेला." नेटवर नाव सापडेल का, विचारलं, तर पडद्यावरचं नाव वेगळं, पासपोर्टवरचं वेगळं, आणि सुरुवातीच्या सिनेमांत तिसरंच. मी परतीच्या ट्रेनमध्ये तिन्ही नावं शोधली. एक शेफ सापडला, एक बास्केटबॉल खेळणारा आणि एक दातांचा दवाखाना.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. समोरचा माणूस 'चालतंय' म्हणाला की त्याच्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. ज्याचा पुरावा नेमका पुरात वाहून गेला, अशा गोष्टीवर मी ऑफिसात एक मिनिटही घालवलं नसतं. पण इथे माणूस घरात होता, त्याच्याकडे किल्ली होती, आणि आत्या एकट्या होत्या.

मग त्याच्या बायकोचं प्रकरण झालं. मला तो म्हणाला होता, बायको मनिलाला असते, नातवंडं सांभाळते. पुढच्या भेटीत आत्या बोलता बोलता म्हणाल्या, "बिचाऱ्याची बायको गेली हो." मी चमकले. त्याच दिवशी कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या वेल्श बाईंनी मला हाक मारली आणि कौतुकाने सांगितलं, किती सज्जन माणूस आहे, आणि बघा ना, लग्नच केलं नाही त्याने.

एकच बायको: जिवंत, मेलेली आणि कधी नसलेली.

मी ट्रेनमधून नवऱ्याला मेसेज केला, "आत्यांकडचा माणूस खोटं बोलतो." त्याचं उत्तर आलं, "आत्यांचा पाय सुधारतोय ना?"

सुधारत होता, हे खरं. आत्या वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागल्या होत्या. पण मला ते दिसत नव्हतं. मला दिसायचं ते हे, की कपाटातल्या फोटोंची जागा बदलली आहे. आत्या त्याला विचारल्याशिवाय दुपारच्या जेवणाचं ठरवत नाहीत. मी आले की दोघं बोलायचं थांबतात.

खुब्याच्या तपासणीला तो आत्यांना नेणार होता; मीही रजा काढून सोबत गेले. क्लिनिकमध्ये एका फिलिपिनो नर्सने आत्यांचं नाव पुकारलं. आम्ही उठलो, आणि तिची नजर त्याच्यावर गेली. ती जागच्या जागी थांबली. हात तोंडाकडे गेला. मग ती आत जाऊन दुसऱ्या नर्सला घेऊन आली आणि दोघी दाराच्या काचेतून त्याच्याकडे बघत राहिल्या. तो मान खाली घालून आत्यांच्या कोटाची बटणं काढत होता. बटणं काढायला इतका वेळ लागत नाही.

तपासणी झाल्यावर तो व्हीलचेअर आणायला गेला, तेव्हा ती नर्स माझ्या जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "हा तुमच्याकडे काम करतो?"

"आत्यांकडे. का?"

"त्या एकट्या राहतात?"

"हो. पण का?"

तिने मागे वळून बघितलं. "काही नाही. माझ्या आईने याला दारात पाहिलं असतं ना, तर कडी लावून घेतली असती."

तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली आणि ती गेली. ती जाताना हसत होती की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मला वाटतं हसत होती. पण त्या वेळी मी फक्त शब्द घेतले आणि घरी आणले.

दोन आठवड्यांनी, एका बुधवारी, ऑफिसात डेंटिस्टकडे जाते असं सांगून मी कार्डिफची ट्रेन पकडली. आत्यांना कळवलं नाही. घरामागून एक गल्ली जाते, तिथून परसदारी गेले. स्वयंपाकघराची खिडकी किलकिली होती. आतून पुरुषाचा आवाज येत होता. खर्जातला, घोगरा, माझ्या ओळखीचा नसलेला. भाषा कळत नव्हती, पण धमकी कोणत्याही भाषेत कळते. मग आत्यांचा आवाज आला, चक्क मराठीत, "नको! सोड मला!"

मी दार ढकलून आत घुसले. हातात छत्री होती, ती मी उगारली होती असं आत्या आजही सांगतात.

आत्या त्यांच्या उंच खुर्चीत बसल्या होत्या, एक हात गळ्याशी. तो फरशीवर आडवा पडला होता, पोट धरून, डोळे उघडे. क्षणभर मला वाटलं आत्यांनीच त्याला काहीतरी केलं.

"बेल आहे पुढच्या दाराला," आत्या म्हणाल्या.

"काय चाललंय हे?"

"मरतोय तो. मध्ये बोलू नकोस."

तो उठून बसला, कपडे झटकले आणि त्याच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "सॉरी मॅम. घाबरलात का?"

झालं होतं ते असं. आत्यांना व्यायामाचा कंटाळा यायचा. मग तो म्हणाला, तुम्ही दहा वेळा उठून बसलात तर मी एक सीन करून दाखवीन. सुरुवातीला तो एकटाच करायचा. पुढे आत्या हिरोची आई झाल्या, कधी पोलीस झाल्या. आणि त्याचं मरण बघून आत्या गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांनी आयुष्यभर माणसं मरताना पाहिली होती.

"पोटात गोळी लागलेला माणूस एवढं बोलत नाही," त्या त्याला इंग्रजीत सांगत होत्या, माझ्याकडे दुर्लक्ष करून. "तो पाणी मागतो. आणि हात असा वर करत नाही. चादर चिमटीत धरतो, अशी."

त्यांनी मांडीवरच्या ब्लँकेटची कड चिमटीत धरून दाखवली. त्याने ती हालचाल एकाग्रतेने पाहिली आणि स्वतः करून बघितली. माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐंशी वेळा मेलो मॅम, पण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. डायरेक्टर म्हणायचे, जोरात मर."

त्या दुपारी त्याने बरंच सांगितलं. दक्षिणेकडच्या एका बेटावरून तो मनिलाला आला तो बंदरावर कामाला. तिथे शूटिंग चालू होतं, मारामारीत पाण्यात पडायला माणूस हवा होता. हा पडला. इतका छान पडला की पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. मग मिशी आली, संवाद आले, आणि गावोगावच्या बायका त्याला शिव्या द्यायला लागल्या. बाजारात मासळीवाली त्याच्या बायकोला मासे देईना, "नवऱ्याला सांग, त्या म्हातारीला आधी सोड." एकदा त्याला धर्मगुरूची भूमिका मिळाली. पडद्यावर तो आशीर्वाद द्यायला हात वर करायचा आणि थिएटर हसायचं. हा झग्यातून पिस्तूल कधी काढतो, याची लोक वाट बघत होते. मग स्टुडिओ एकेक करून बंद पडले, टीव्हीला तरुण चेहरे हवे होते, आणि तो इथे आला.

आता सगळं जुळत होतं. नर्सच्या आईने कडी का लावली असती, हेही कळलं. माझा संशय तिथेच संपायला हवा होता. पण मी त्याचा चेहरा बघत होते. मघाशी फरशीवर मेलेला तोच चेहरा आता हसत होता, आणि मला वाटलं, ज्याला इतकं करता येतं त्याच्या कुठल्या बोलण्यावर आपण विश्वास ठेवायचा?

निघण्याआधी आत्यांचा स्वेटर काढायला म्हणून मी वरच्या खोलीत गेले आणि ड्रॉवर उघडला. तिथे एक मखमली डबी असायची. पूर्वी इथल्या नर्सेस शिक्षण पुरं झालं की कमरेच्या पट्ट्याला चांदीचं बक्कल लावायच्या. आत्यांचं बक्कल त्या डबीत होतं, जाळीदार नक्षीचं. डबी जागेवर होती. बक्कल नव्हतं.

मी खाली येऊन काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. मी स्वेटर दिला, दोघांना बाय म्हटलं, आणि स्टेशनवर ट्रेनची वाट बघताना एजन्सीला फोन केला. चोरी हा शब्द मी वापरला नाही. "एक वस्तू दिसत नाहीये," म्हणाले. "आणि तो स्वतःबद्दल वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगतो." फोनवरची मुलगी आपुलकीने बोलत होती. तिने सगळं टाइप करून घेतलं, त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी तो आत्यांकडे आला नाही. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं होतं. आत्यांकडे रोज नवीन केअरर यायला लागली. संध्याकाळी आत्यांचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही.

"बक्कल मी त्याला दिलंय."

"तुम्ही दिलंत? कशासाठी?"

"माझी वस्तू. मी दिली."

"आत्या, पण ते घरातलं... निदान आम्हाला सांगायचं तरी."

"तुला द्यायचं होतं गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तू येतेस. त्या ड्रॉवरमधून माझे कपडे काढून देतेस. ते कशाचं आहे म्हणून एकदा तरी विचारलंस? त्याने दुसऱ्याच आठवड्यात विचारलं."

त्यांनी फोन ठेवला.

मी एजन्सीला पुन्हा फोन केला, लेखी कळवलं, गैरसमज झाला म्हणून. पण टाइप झालेली गोष्ट सहज पुसली जात नाही, हे मला माझ्या धंद्यातून माहीत असायला हवं होतं. क्लायंटकडून दागिना घेणं नियमात बसत नाही, असं निघालं. त्याने बक्कल परत आणून दिलं, आणि एजन्सीने त्याची बदली न्यूपोर्टच्या एका केअर होममध्ये केली. आत्यांशी संपर्क ठेवायचा नाही, अशी तंबीही दिली.

महिनाभर आत्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. मग एक दिवस म्हणाल्या, "शनिवारी मला एका ठिकाणी घेऊन जा."

ते ठिकाण म्हणजे एका चर्चचा हॉल निघाला. तिथल्या फिलिपिनो मंडळींनी दुपारचा कार्यक्रम ठेवला होता. त्याचा एक सिनेमा सापडला होता. कोणीतरी कधीकाळी टीव्हीवरून व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवलेला, आणि आता कोणाच्या तरी भाचीने तो कॉम्प्युटरवर घेतलेला. म्हणजे सिनेमे होते. निदान एक होता. खरं सांगायचं तर, हॉलच्या दारात व्हीलचेअर ढकलतानासुद्धा मी मनात म्हणत होते, बघू.

हॉल भरलेला होता. नर्सेस, केअरर, त्यांचे नवरे, मोठमोठ्या डब्यांतून आणलेला भात आणि नूडल्स. पुढच्या रांगेत तो बसला होता, इस्त्रीचा पांढरा भरतकामाचा शर्ट घालून. आत्यांना पाहून तो उठला आणि मला पाहून वाकला. किती वाकला, त्यात राग होता की नाही, मला मोजता आलं नाही.

सिनेमा सुरू झाला. चित्र हिरवट, आवाज फाटलेला. तो पडद्यावर आला, तिशीतला, देखणा आणि भयंकर, आणि अख्खा हॉल आनंदाने ओरडायला लागला. शिव्या, शिट्ट्या, कोणी पडद्यावर बटाट्याचे क्रिस्प्स फेकले. क्लिनिकमधली ती नर्स दोन्ही हात वर करून ओरडत होती. शेवटी हिरोने त्याला गोळी घातली तेव्हा टाळ्यांनी छत हललं. पडद्यावर तो बराच वेळ मरत होता, भाषण करत, हात वर करून.

आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघ. हात चुकला." कितीतरी दिवसांनी त्या माझ्याशी कामाशिवाय काही बोलल्या.

मी पडद्याऐवजी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. आणि मला लाज वाटते सांगायला, पण माझा पहिला विचार होता, हे खरं आहे का?

चहाच्या वेळी एक ठेंगणी बाई आत्यांपाशी आली. तिने स्वतःची ओळख करून दिली. ती त्याची बायको. तीही नर्स, आता निवृत्त, राहते ब्रिस्टलला. माझं तोंड उघडं राहिलेलं बघून ती म्हणाली, "मी मेले असं सांगितलं होतं ना त्याने?"

"मला मनिलात आहात असं सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मग तुम्ही त्याला आवडला असणार. आवडत्या लोकांना तो मला जिवंत ठेवतो." ती हसली, पण फार नाही. "आमच्याकडे घटस्फोट मिळत नाही. मी त्याला सोडून अठरा वर्षं झाली. काय सांगणार तो? बायको आहे म्हटलं तर लोक विचारतात, कुठे आहे. नाही म्हटलं तर खोटं."

"तुम्ही का सोडलंत?" आत्यांनी सरळ विचारलं. आत्यांना असं विचारता येतं.

बाईने कप खाली ठेवला. "घरातही मला कळायचं नाही, कधी खरं बोलतोय. तसा वाईट माणूस नाही. एकदाही हात उगारला नाही. पण मी दमले."

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते. पण ती बाई अठरा वर्षांनंतरही ब्रिस्टलहून त्याचा सिनेमा बघायला आली होती, आणि मी एका फोनवर त्याचं काम घालवलं होतं.

तो बाहेर सिगरेट ओढत होता. मी गेले आणि माफी मागितली. वाक्यं पाठ करून गेले होते, तरी मध्येच अडखळले.

"सवय आहे, मॅम," तो म्हणाला. "तुम्ही आत्यांची काळजी केलीत." मग सिगरेटची राख झटकून, "न्यूपोर्टला बरं आहे. पण तिथे कोणी चुका काढत नाही."

त्याने माफ केलं का? आवाज मऊ होता, डोळे शांत होते. पण ते तर तो कधीही करू शकला असता. मी तिथेच उभी राहून उत्तर शोधत राहिले आणि त्याने सिगरेट विझवून माझ्यासाठी दार उघडून धरलं.

आत्या आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात. बक्कल डबीत परत आलं आहे. ते कशाचं, कोणी दिलं, ते मिळालं त्या समारंभाला त्यांनी कोणती साडी नेसायची ठरवली होती आणि मेट्रनने का नेसू दिली नाही, हे सगळं मी त्यांना विचारलं, आणि त्यांनी सांगितलं, जरा हातचं राखून.

मी त्यांना आता आठवड्यात मध्येही फोन करते. गुरुवारी दुपारी केला की मागून एक घोगरा, खर्जातला आवाज येतो.

"कोण आलंय, आत्या?"

"कोणी नाही. टीव्ही."

न्यूपोर्टच्या होममध्ये गुरुवारी कोणाची सुट्टी असते, हे मी एजन्सीला विचारू शकते. ते आत्यांनाही ठाऊक आहे, म्हणूनच त्या माझ्याशी खोटं बोलतात. गेल्या गुरुवारी आवाज जरा जास्तच चढला होता. मी म्हटलं, "टीव्ही जरा हळू करा ना, मला तुमचं नीट ऐकू येत नाहीये."

आत्यांनी फोनवर हात ठेवल्याची खरखर झाली. तिकडचा आवाज लगेच थांबला.